आठ जुने कॉम्प्युटर, हात खिशात

३ तारीख, सोमवार

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. वाचनालयातल्या ग्रंथपाल मॅडम — मॅडम कसली, माझ्याहून फार तर वर्षाने मोठी — रजिस्टरमधून मान वर करून म्हणाली, "तुम्हाला लिनक्स येतं का?"

"येतं की!"

येत नव्हतं. पण ते डोळे!

तिथे आठ म्हातारे कॉम्प्युटर आहेत. नव्या सिस्टिमचं ओझं त्यांना झेपत नाही. तिला लिनक्ससारखी हलकी, फुकटची, कुणालाही वापरता येईल अशी सिस्टिम हवी आहे — ज्यांनी जन्मात माउस धरला नाही अशा सभासदांसाठी. वीस तारखेला वर्ग सुरू.

सरांशी भांडून दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं म्हणून सगळे हसतात. आता बघाच!

४ तारीख, मंगळवार

लिनक्स एक नाही! शेकडो आहेत! जो तो आपलीच चांगली म्हणतो. एका शहाण्याने लिहिलंय, 'सोपी घेणारे कच्चे.' मी कच्चा? सगळ्यात अवघड घेतली.

५ तारीख, बुधवार

काळा पडदा, कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. मोठ्या ऐटीत तिला दाखवला.

"बंद आहे का?"

"चालू आहे."

"मग काही दिसत का नाही?"

६ तारीख, गुरुवार

आता तिने परीक्षाच ठेवली. नवख्याला बसवायचं. त्याने पत्र लिहायचं, सेव्ह करायचं, छापायचं. "तुम्ही मागे उभं राहायचं. हात खिशात, तोंड बंद. बोललात की ती सिस्टिम नापास."

पहिले बसले तारमास्तर — तार खात्यातून निवृत्त झालेले आजोबा. मुलगी परदेशात, तिला लिहायचंय. पासवर्ड सांगितला तो त्यांनी सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल असा वाचला. मग म्हणाले, "उमटत नाहीये हो." दाबलं. आणखी जोरात दाबलं. कळ उडाली!

"अहो, इथे पासवर्ड उमटत नसतोच!" मी ओरडलो.

"नापास," ती म्हणाली. सिस्टिम की मी, विचारायची हिंमत झाली नाही.

९ तारीख, रविवार

घरी आत्याला बसवलं. या वेळी मिंट नावाची सोपी लिनक्स. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, सगळं जागच्या जागी. पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता आली. मी मागे उभा. खिशाची शिवण उसवली, पण बोललो नाही! अकरा मिनिटांत आत्याने छापील पत्र हातात दिलं — 'आमचा भाचा मनाने चांगला, डोकं मात्र कायम तापलेलं. योग्य स्थळ असल्यास कळवावे.'

सिस्टिम पास. पत्र फाडलं.

११ तारीख, मंगळवार

अंघोळ करताना एक भयंकर गोष्ट लक्षात आली. मिंट बसवली तर कुणाचंच काही अडणार नाही. आणि अडलं नाही तर मला बोलावणार कोण? तिच्यासमोर जायचं कोणत्या निमित्ताने?

अवघड आणि सोपी यांच्या मधली एक आहे. दिसायला झकास, पण खिडक्या कळा दाबून हलवायच्या. चुकीची कळ लागली की खिडकी मागच्या, न दिसणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर गुडूप! आठही मशीनवर तीच बसवली. तिला सांगितलं, "आत्या अकरा मिनिटांत पास!" कशावर, ते नाही सांगितलं.

१३ तारीख, गुरुवार

वर्गाआधीचा सराव चालू. आज चौदा हाका! "जरा बघता का?" "इकडे या हो!" ती म्हणाली, "किती धीराने सांगता तुम्ही." मी! धीराने! स्वर्ग.

१५ तारीख, शनिवार

तारमास्तर दोन तास पत्र लिहीत होते. एका बोटाने. मध्येच खिडकी गायब. पत्र पुसलं गेलं नव्हतं, दुसऱ्या पडद्यावर होतं. पण त्यांना काय माहीत! हाक मारली म्हणे, दोनदा. मी तिच्या टेबलापाशी विनोद सांगत होतो. शेवटी त्यांनी बटण दाबून मशीनच बंद केलं. मग खरंच गेलं.

ओरडतील वाटलं. टोपी घातली, म्हणाले, "आमच्या डोक्याचं काम नाही हे. चूक माझीच."

चूक माझीच म्हणाले! भिंतीवर बुक्की मारली. हात सुजलाय.

१६ तारीख, रविवार

तिच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. का केलं, तेवढं सोडून. "का पण?" — "मूर्ख म्हणून." दार लावता लावता म्हणाली, "आधी त्यांना घेऊन या."

तारमास्तरांना म्हणालो, चूक माझी, सिस्टिमच वाईट निवडली, मुद्दाम. चष्मा पुसत म्हणाले, "मुद्दाम?" मग एकदम, "पोरगी चांगली आहे." कान तापले!

१८ तारीख, मंगळवार

आठही मशीनवर मिंट.

२० तारीख, गुरुवार

वाचनालयातच लिहितोय. आठ नवखे, दोन तास, एक हाक नाही. तारमास्तरांचं पत्र छापूनसुद्धा झालं. ती जवळ आली.

"आता तुमचं इथे काहीच काम नाही."

"नाही."

"मग थांबलात का?"

"तुमच्यासाठी."

तारमास्तर न वळता म्हणाले, "जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू आलं नाही."

तिने शिपायाला टेबलापाशी बसवलंय आणि जिन्यात जाऊन उभी आहे. चप्पल वाजवत माझी वाट बघतेय. वही मिटतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.