मैदानावरची कनात

मेहरूण, रविवार संध्याकाळ

घाईत लिहितेय, अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. आज मुलींच्या फुटबॉल मॅचला बायका आल्या! डबे घेऊन, लेकरं घेऊन, घरंच्या घरं आली.

आणि मांडववाल्या भाऊंनी काय करावं? मी म्हटलं होतं, "बायकांसाठी वेगळी जागा करा." तर लग्नातल्यासारखी चारी बाजूंनी कनात बांधून दिली. आत पंखा, पाणी, सतरंज्या, सगळं. मैदान तेवढं दिसेना! माझं डोकंच फिरलं. या अशाच परत गेल्या असत्या तर पुन्हा कोण येणार होतं?

तेवढ्यात माझ्या सासूबाई, अक्का, आतून ओरडल्या, "आवाज ते ऐकू येस, पन मनी नात कोठे शे?" आणि स्वतःच दोरी सोडली. कनात पडली. तीच गवतावर पसरून सगळ्या रेषेला खेटून बसल्या. काय टाळ्या, काय ओरडा!

एरवी शिव्या देणारी पोरं चिडीचूप. मी पाटीच रंगवून लावली होती: 'शिवी देणाऱ्यास बाहेर काढण्यात येईल.'

मग पंचांनी अक्कांच्या नातीविरुद्ध, आमच्या ईशाविरुद्ध, पेनल्टी दिली आणि अक्का उठल्या. "तुना मुडदा बशाडू, आंधया शे का रे?"

अख्खं मैदान आधी पाटीकडे बघायला लागलं, मग माझ्याकडे. सुनेनं सासूला बाहेर काढायचं? मी गुपचूप पाटीसमोर जाऊन पदर ताणून उभी राहिले.

एवढ्यापुरती तरी ती कनात हवी होती.