प्रत्येक ओळीमागे काऊन

गोंडपिपरी,
२२ नोव्हेंबर १९८७

प्रिय कमला,

सप्रेम जयभीम. धान कापून झालं, भारे खळ्यावर आले, यांचा खोकलाही कमी आहे. एवढी खुशाली पुरे. आज मला तुझ्याशी भांडायचं आहे.

दिवाळीच्या सुटीत विशाखा घरी आली, तर दर वाक्यात मावशी. मावशी म्हणते, भूमितीत आधी पेन्सिलीनं मोठी आकृती काढायची. मावशी म्हणते, पक्ष आणि साध्य नीट लिहिल्याशिवाय सिद्धतेला हात घालायचा नाही. मी लेकीसाठी सुके झिंगे घालून वांगी केली, तर म्हणाली, अगदी मावशीसारखी झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमले, ती भाजी तुला शिकवली कोणी?

हेवा वाटतो, सरळच सांगते. तू तान्ही होतीस तेव्हा तुला सांभाळायला म्हणून मी चौथीत शाळा सोडली. पुढे तू मॅट्रिक झालीस, देवरावजींच्या नोकरीमुळे ऊर्जानगरच्या क्वार्टरात राहायला गेलीस, तेव्हा मीच गावभर सांगत फिरले. कधी पोटात दुखलं नाही. दहावीसाठी पोरीला तुझ्याकडे धाडलं तेही मीच. आता मात्र दुखतं.

कारण ती इथे होती तेव्हा गणित आम्ही दोघी करायचो. हसू नकोस. मी तांदूळ पाखडत बसायची आणि ती समोर बसून एकेक पायरी मोठ्यानं वाचायची. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी प्रत्येक ओळीला फक्त विचारायची, "काऊन?" हे दोन कोन सारखे. काऊन? समोरच्या बाजू सारख्या म्हणून. अन् त्या काऊन सारख्या? सांगता आलं नाही की ती मागच्या ओळीवर जायची आणि चूक बहुतेक तिथेच सापडायची. तोवर मी सूप थांबवून बसायची. एकदा म्हणाली, अधिक पाच बरोबरच्या चिन्हापलीकडे गेले की उणे होतात. मी म्हटलं, "काऊन? नदी पार केली तं मानूस बदलते काय?" पोर विचारात पडली. दुसऱ्या दिवशी शाळेतून धावत आली आणि म्हणाली, "आई, पाच पलीकडे जातच नाई. आपण दोन्हीकडून पाच वजा करतो." त्या दिवशी मला वाटलं, मीही थोडी मॅट्रिक झाले.

या सुटीत मात्र ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि ओठ मिटून भराभर गणितं सोडवत गेली. मी सूप घेऊन शेजारी बसले होते. मला विचारायला तिनं जागाच ठेवली नाही. मनात म्हटलं, पोर गेली कमलाची होऊन. तू तिला घेऊन गेलीस म्हणून तुला मनातल्या मनात किती शिव्या घातल्या ते विचारू नकोस.

आणि परवा तुझं पत्र आलं. तू लिहितेस की विशाखा गणित करताना प्रत्येक ओळीनंतर "काऊन?" असं पुटपुटते आणि स्वतःच उत्तर देते. कॉलनीतल्या पोरी हसतात, म्हणून दिवाळीआधी तू तिला दटावलंस, तर सुटीहून आल्यावर पुन्हा तेच सुरू झालं. ही खेड्यातली सवय सोड, असं मीच तिला समजावून लिहावं, असं तुझं म्हणणं. इथे तिनं ओठ काऊन मिटले होते, ते आता कळलं. वाचून आधी मी रडले, मग खूप वेळ एकटीच हसत बसले. कमला, तसं मी लिहिणार नाही. हे पत्र तेवढं सांगायलाच लिहिते आहे. आकृती तुझी, पक्ष आणि साध्य तुझं, वांग्याची भाजीही ठेवून घे. पण ते काऊन माझं आहे, ते तिच्या तोंडात राहू दे. पोरी हसल्या तर हसू देत. आणि तिनं विचारलं की उत्तर देऊ नकोस, हातातलं काम थांबवून नुसती बस.

तुझीच थोरली बाई,
सत्यशीला