विलायच्या मागावरचं कापड

प्रिय अक्षरा,

पत्र मराठीत आहे, म्हणजे तुला वाचायला वेळ लागणार. मुद्दामच लिहिलंय. फोनवर तू विषय बदलतेस आणि मीही बदलू देते. जोडाक्षरं अडली तर अंशुमनला विचार, पण आधी एकदा तुझी तू वाच.

शनिवारी व्हॅन येतेय. विलायमावशी घर सोडून कार्डिफला लेकाकडे, डॅनीकडे राहायला चालली आहे. तिचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत आणि पीटरकाका गेल्यापासून त्या घरात तिच्याशी बोलायला फक्त रेडिओ आहे. डॅनीच्या फ्लॅटमध्ये माग मावणार नाही, म्हणून तो आपल्या कन्झर्व्हेटरीत, मागच्या काचेच्या खोलीत येतोय. अडचण एवढीच, की त्यावर एक कापड अर्धं विणून पडलंय. डॅनी म्हणतो, कापून मोकळं करा, नेणं सोपं जाईल. विलाय म्हणते, आधी विचार. कोणाला विचारायचं ते पुढे लिहिते. पण हे ठरेपर्यंत माझं कशात चित्त नाही. चहा करते आणि प्यायचा विसरते. काल रिसायकलिंगचा डबा भलत्याच दिवशी बाहेर ठेवून आले. दुपारी उगाच तिच्या गॅरेजपर्यंत जाते, कापडावरची चादर उचलून पाहते आणि परत येते. बाबा म्हणाले, तू आता हेलपाट्यांचा पासच काढ.

तो माग तुला आठवत असेलच. आपल्या रस्त्यावर गॅरेजमध्ये गाडी न ठेवणारी ती एकटीच. शाळेतून आलीस की तू आधी तिकडे पळायचीस. न विणलेला ताणा, म्हणजे उभे धागे, ती बोचक्यासारखा बांधून डोक्यावरच्या आडव्या दांड्याला टांगायची. तू उडी मारून त्याला हात लावायला बघायचीस, आणि ती आडवा धागा टाकायच्या धोट्याने तुझ्या पोटरीवर टपली मारायची. तिची आई लाओसच्या डोंगरातल्या गावात अशाच मागावर विणायची. विलाय तिथून निघाली तेव्हा माग आणता आला नाही. इथे आल्यावर पीटरने बागेच्या कुंपणाचं उरलेलं लाकूड वापरून तिला तो करून दिला. अजूनही ती घरात तो तिचा सिन नेसते, आपल्या लुंगीसारखा पण काठाला भरगच्च नक्षी असलेला. आतलं कापड विरलं की काठ उसवून नव्या कापडाला लावते. एक काठ तिच्या आजीचा आहे. मी म्हटलं होतं, आमच्याकडेही जुन्या पैठणीचे काठ असेच वाचवतात. त्यावर ती म्हणाली, वाचवून पेटीत ठेवता, आम्ही नेसून भांडी घासतो.

बाबांचा पराक्रम तुला कळायलाच हवा. रविवारी ते माग सुटा करायला गेले. आधी सगळीकडून फोटो काढले, प्रत्येक लाकडाला नंबराचं लेबल लावलं, ब्रॅकनेलच्या ऑफिसात सर्व्हर हलवायचे तसं. मग कात्री घेऊन निघाले ते थेट मागाच्या फणीपलीकडे लोंबणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यांकडे. त्यांना वाटलं, जुनी सुतळी गुंतलीय. अगं, सगळी नक्षी त्या दोऱ्यांतच असते. कुठल्या ओळीला ताण्याचे कुठले धागे उचलायचे, ते त्यात आडवे दोरे ओवून ठेवलेलं असतं. ते कापले की नक्षी गेली. विलाय खुर्चीवर बसली होती, तिला उठता आलं नाही, तर तिने सपात फेकून मारली. ती बाबांच्या खांद्याला लागली. मग विलाय स्वतःच इतकी हसली की डोळे पुसायला लागली. म्हणाली, आयुष्यभर बॅकअप बॅकअप करत फिरलास आणि माझाच कापायला निघालास, जयंत. बाबांनी कात्री खिशात घातली आणि गुपचूप सगळ्यांसाठी चहा करायला गेले.

हसू ओसरल्यावर ती खुर्चीतूनच मागाकडे वळली. तिने मला चादर काढायला सांगितली. मी त्या कापडाकडे तोवर सरळ बघितलं नव्हतं. लाल जमीन, त्यावर पिवळे आणि निळे नाग एकमेकांकडे तोंड करून. त्यांच्याकडे नाग राखण करतो. पहिल्या जोडीची शेपटी पूर्ण आहे, दुसऱ्या जोडीच्या माना आणि डोळे झालेत, पुढे नुसते धागे. तिने बोटाने त्या डोळ्यांवरची धूळ पुसली.

आणि मग तिने मला एक शिकवलं, जे इतक्या वर्षांत मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. कापड पुरं झालं तरी ती ताणा शेवटपर्यंत कापून काढत नाही. फणीत वीतभर टोकं ठेवते. पुढच्या कापडाचा नवा ताणा त्याच टोकांना एकेक धागा गाठ मारून जोडते. या मागावर तुझ्या लहानपणापासून जे जे विणलं गेलं, ते सगळं असं एकाला एक बांधलेलं आहे. म्हणून कापणं तिच्यासाठी वाईट नाही. फक्त कुठे कापायचं, ते ज्याचं कापड त्याने सांगायचं.

हे कापड तुझं आहे, अक्षरा. तुला पाचवा महिना लागला तेव्हा तिने ते सुरू केलं. बाळाला पाठीशी बांधायचं कापड. तुला ते माहीत नाही, कारण मीच तिला म्हटलं होतं, आमच्यात बाळ यायच्या आधी काही आणून दाखवत नाहीत, झाल्यावर देऊ. ती म्हणाली, तुमच्यात सांगत नाहीत, आमच्यात विणल्याशिवाय राहत नाहीत, मग मी गुपचूप विणते. तू आणि अंशुमन दोघंच हॉस्पिटलमधून घरी आलात, त्या दिवशी तिने धोटा ठेवला आणि वर चादर घातली. त्यानंतर तिने काही विणलं नाही. मला वाटायचं गुडघ्यांमुळे. रविवारी कळलं, माग रिकामा नव्हता म्हणून. कापायचं तर तुला विचारायला हवं होतं, आणि तुला विचारायला आमच्यातलं कोणी तयार नव्हतं.

आपल्या घरात बाळाचं नाव कोणी घेत नाही. तुला त्रास होईल म्हणून मी घेत नाही, मला होईल म्हणून बाबा घेत नाहीत, आणि तू का घेत नाहीस ते मी विचारलेलं नाही. विलायला हे कोणी सांगितलेलं नाही. ती सरळ म्हणते, वेदचं कापड. रविवारी ती तसं म्हणाली आणि बाबा कप हातात धरून दारातच थांबले. मग त्यांनीही म्हटलं, हो, वेदचं. घरी येताना खूप दिवसांनी बरं वाटलं आणि तेव्हापासूनच मला स्वस्थ बसवत नाहीये. हे पत्र त्यासाठी आहे. वेदच्या कापडाचं काय करायचं ते मला सांग. इथवरच ठेव म्हणालीस तर इथवर कापू, पुरं कर म्हणालीस तर मी शिकेन, माझे नाग वाकडे होतील. आणि तुला स्वतः येऊन बघायचं असेल तर ये. तू काहीच कळवलं नाहीस, तर शनिवारी ते तसंच ताणलेलं, चादरीत गुंडाळून आपल्या घरी येईल. कात्री बाबांकडून काढून घेतली आहे.

तुझीच,
आई