सरकार सोडत नाही

आंधळगाव, ता. मोहाडी
७ नोव्हेंबर १९८९

चिरंजीव टेकचंद,

बाबांचा आशीर्वाद. माझं अक्षर बघून घाबरू नकोस. नेहमी चंद्रकला सूनबाई लिहिते, आज मीच बसलो. घरी सगळे बरे आहेत. लुचई धान कापून झालं, भारे आणून पुंजणं रचलं, आता बैल फिरवून चुरणी तेवढी राहिली. तुझी आई गुडघ्याला तेल चोळते आणि मला बोलते, म्हणजे तब्येत चांगली आहे. तुझी पोरगी भिंत धरून चालते. तुझा फोटो दिला की तोंडात घालते.

तुझं पत्र चंद्रकलानं वाचून दाखवलं. तू लिहिलंस, गोळीबार थांबला, पलटणी परतत आहेत, पण सरकार मला सोडत नाही, मार्चपर्यंत श्रीलंकेतच राहावं लागेल. तिनं ते दोनदा वाचलं, घडी करून डब्यात ठेवलं आणि भांडी घासायला गेली.

निवडणूक आली आहे, त्यामुळे पानठेल्यावर तुमचाच विषय. निम्मे म्हणतात, परक्या मुलखात फौज कशाला ठेवायची, परत बोलवा. निम्मे म्हणतात, काम अर्धवट टाकून आले तर मेलेल्यांचं काय. मी जुना शिपाई म्हणून मला विचारतात. मी पान खातो आणि घरी येतो.

परवा गावात मंडईची जत्रा झाली. लाखनीचा श्रावण आला होता, तुझ्याच पलटणीतला. पाया पडला. मी म्हटलं, "आमच्या टेकचंदले काहून नाही सोडलं?"

तो खाली बघू लागला. मग म्हणाला, "बाबाजी, मागं सामान आवराले धा जण पाहिजे होते. साहेबानं इचारलं, कोण थांबते. टेकचंदनं सोताच हात वर केला."

मी त्याला जिलेबी घेऊन दिली. चंद्रकलाला अजून सांगितलेलं नाही.

त्याच मंडईत गोदावरीबाई भेटली. माझी पहिली बायको, मी फौजेत असताना दुसऱ्याशी पाट लावून गेली, एवढंच तू लहानपणापासून ऐकलंस. आता केस पांढरे झालेत. नातीसाठी फुगा घेत होती. बेचाळीस वर्षांत आम्ही चार शब्द बोललो नसू. तिनं विचारलं, "पोरगा कवा येते?"

"सरकार सोडून नाही राहिलं," मी म्हणालो.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "तुमाले बी सरकारनंच नव्हतं सोडलं."

टोमणा नव्हता तो. तिला ते खरंच वाटत होतं.

टेकचंद, ते खरं नाही. ब्रह्मदेशातली लढाई संपली तेव्हा आम्हाला विचारलं होतं, घरी जायचं की फौजेबरोबर हरलेल्या जपानला पहाऱ्यावर. मी हात वर केला. लोभ कशाचाच नव्हता. घरी गेलो की लोक विचारतील, गोदावरी रडेल, हसेल, आणि मला तर आतून काहीच वाटत नव्हतं. बसून बसून पाय बधिर होतो, तसा मी सगळाच झालो होतो. तिकडं पहारा द्यायचा आणि झोपायचं, कुणी काही विचारत नसे. घरी लिहिलं, सरकार सोडत नाही. दीड वर्ष तेच लिहीत राहिलो. लोक म्हणू लागले, यानं तिकडंच घर केलं. शेवटी गोदावरीचा बाप बैलगाडी घेऊन आला, तिला घेऊन गेला आणि तिचा दुसरा पाट लावला. मी परतलो तेव्हा सगळं गाव तिलाच शिव्या देत होतं, की नवरा सरकारच्या ताब्यात आणि ही निघून गेली. मी ओट्यावर बसून ऐकलं. तोंड उघडलं नाही. तुझ्या आईलाही यातलं काही माहीत नाही.

फुगेवाल्यापाशी मी गोदावरीबाईला माझं सांगितलं आणि तुझंही सांगितलं. ती फुग्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "माही माय मरेपर्यंत माह्या हातचं पाणी पेली नाही." आणि नात ओढू लागली तशी निघता निघता म्हणाली, "मले सांगून आता का होते? पोराले लिवा."

म्हणून लिहितो आहे. तिथं काय पाहिलंस, काय केलंस, ते मी विचारणार नाही. घरी येऊन दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलास तरी कुणी उठवणार नाही, एवढं मी बघतो. नाहीच येववत तर राहा. पण चंद्रकलाला स्वतःच्या हातानं लिही की मीच थांबलो. सरकारचं नाव घेऊ नकोस. वाट पाहायची की नाही, ते तिला खरं कळल्यावर ठरवू दे. पंधरा दिवसांत तुझं पत्र आलं नाही तर मी सांगेन.

हे पत्र पेटीत टाकून आलो की तुझ्या आईजवळ बसतो आणि माझं सांगतो. मग तेच सांगायला पानठेल्यावर जातो.

ज्याला सरकारनं सोडलं होतं, तो तुझा बाप,
तुलाराम