शरणम्माचे प्रश्न

सास्तूर,
रविवार

प्रिय सोनाली,

तू मागितलेल्या घटस्फोटाचं कोर्टात चालू असताना सासऱ्यानं सुनेला पत्र लिहू नये, एवढं मला कळतं. तरी लिहितोय. फोन केला असता, पण तू उचलला असतास का, आणि उचललाच तर मी काय बोललो असतो, दोन्हींचा भरवसा नाही. सवडीनं वाच. मी बरा आहे. उत्कर्ष आहे तसाच आहे.

परवा मी कुत्र्याचं पिल्लू घ्यायला गेलो होतो. हसू नकोस. गुडघ्यांनी आता साथ सोडली आहे आणि शेरडं बारा वाटांनी पांगतात. मागच्या महिन्यात दोन थेट डांबरी रस्त्यावर गेली, ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली. कुणीतरी सांगितलं की पोलिसांकडं असतं ते जर्मन शेफर्ड मुळात मेंढरं वळवणारं कुत्रं, लहानपणापासून शिकवलं तर शेरडंही वळवतं. उमरग्याच्या अलीकडं शरणम्मा म्हणून एक बाई आहेत. त्यांनी घरातच एक मादी पाळली आहे आणि दोन वर्षांतून एकदाच तिला पिल्लं होऊ देतात. गेलो एस.टी.नं.

पिल्लं स्वयंपाकघराच्या दाराशीच वाढवली होती, कुकरच्या शिट्टीला आणि पोरांच्या दंग्याला भिऊ नयेत म्हणून. बाईंनी आधी आई दाखवली, मग तिच्या खुब्यांचा एक्स-रे, या जातीत खुब्याचं दुखणं पिढीजात असतं म्हणून. एवढ्या वर्षांत मी शेरडाचा एक्स-रे कधी बघितला नाही, माझासुद्धा गुडघे दुखायला लागल्यावर निघाला. मी आपला जनावरांच्या बाजारातला माणूस. एक पिल्लू उचललं, ओठ वर करून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, आणि शेजारी बाईंचे यजमान सिद्रामप्पा उभे होते त्यांच्यापुढं उपरण्याखाली हात धरला, बोटं दाबून भाव करायला. त्यांना वाटलं माझ्या हाताला काही लागलंय. ते उपरणं उचलून बघायला लागले. शरणम्मा म्हणाल्या, अण्णा, फोनवर सांगितलं तेवढंच, कमी न्हाय का जास्त न्हाय, आता बसा, मला इचारायचंय. बसलो. विकणारानंच घेणाराची चौकशी करायची, हा बाजार मला नवीन होता.

वही काढून एकेक विचारत गेल्या. साखळीला किती वेळ बांधणार? उन्हाळ्यात दुपारचं कुठं ठेवणार? तुम्ही आजारी पडलात तर बघणार कोण? नाही जमलं तर रस्त्यावर सोडायचं नाही, कितीही वर्षांनी असो, मलाच आणून द्यायचं, हे लिहून देता का? मी सगळ्याला हो म्हणत होतो, आणि खरंच म्हणत होतो. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोण असतं? तुझी सासू वारल्यापासून दुसरं कुणी नाही. मुलगा, म्हणालो. पितो का? हात उगारतो का?

हे प्रश्न मला आधी एकदा विचारून झाले होते. तुझे वडील बजरंगराव स्थळ बघायला आमच्या घरी आले होते, तेव्हा चहा झाल्यावर ते मला गोठ्याकडं घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, पाव्हणं, राग मानू नका, पोराला कसली सवय? मी म्हणालो, आमच्या उत्कर्षला सुपारीचं खांडसुद्धा चालत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन बोललं की शंका राहत नाही, ते मला चांगलं येतं. त्याच्या आधीच्याच पोळ्याला उत्कर्षनं पिऊन मथुरेला उंबऱ्यावरून ढकललं होतं. चार दिवस तुझी सासू हाताला फडकं बांधून फिरत होती आणि विचारणाऱ्याला मी सांगत होतो, पाय घसरला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लग्न झालं की पोरं सुधारतात, असं सगळेच म्हणतात, मीही म्हणालो.

शरणम्मांपुढंही सुपारीचं खांड तोंडाशी आलं होतं. पण ते पिल्लू माझ्या पायावर डोकं टाकून झोपलं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात त्याला लाथ बसणार हे मला स्वच्छ दिसलं. म्हणालो, व्हय, पितो. हात उगारतो. बायकोवर उगारायचा, ती गेली. बाईंनी वही मिटली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मग न्हाय देत, अण्णा, तो घरात हाय तवर न्हाय. चहा दिला, आणि सिद्रामप्पांनी मोटारसायकलवरून स्टँडवर आणून सोडलं.

गाडीत आधी त्या बाईंचाच राग आला. कुत्रं द्यायला एवढा थाट, म्हटलं. जेवळीच्या पुढं कुठंतरी राग उतरला आणि मग लाज वाटायला लागली, ती अजून आहे. कुत्र्याच्या पिल्लासाठी जे खरं बोललो ते मी तुझ्यासाठी बोललो नाही. तू दोन वर्षं आमच्या घरात होतीस. तुमच्या खोलीतून आवाज यायला लागला की मी टीव्ही मोठा करायचो. तुला ते माहीत असणारच, भिंत एकच आहे. तू बॅग घेऊन निघालीस तेव्हा मी शेरडं सोडायला गेलो होतो असं सगळ्यांना सांगतो. गोठ्यातच होतो.

उत्कर्षच्या वकिलानं माझं शपथपत्र कोर्टात दिलं आहे. आमच्या घरात कधी कुणी कुणावर हात उगारला नाही, सून आपल्या मर्जीनं गेली, असं त्यात आहे. न वाचता सही केली असं मला म्हणता येईल, पण चष्मा लावून वाचलं होतं. येत्या अठरा तारखेला तुझा वकील मला पिंजऱ्यात उभा करून प्रश्न विचारणार आहे. त्याला सांग, सरळ विचार, पितो का आणि हात उगारतो का. मी खरं सांगणार आहे. उत्कर्षला तसं बोललोय, तो माझ्याशी बोलायचा बंद झालाय. शपथेवर खोटं लिहून दिल्याचं जे व्हायचं ते होऊ दे. तू फक्त बजरंगरावांना बरोबर आण. त्यांना आता कमी ऐकू येतं असं कळलं, तेव्हा पुढच्या बाकावर बसव. विचारलं त्यांनी होतं.

तुझाच
मामा
(तसं म्हणवत नसेल तर नुसता बलभीम)