बिगरी की चौथी

मास्तर,

परवा हेडमास्तरांनी विचारलं, "बिगरी घेता की चौथी? शनिवारी शाळा सुटायच्या आत लेखी द्या." आज शनिवार. अर्जाचा कागद दोनदा तपासून शुद्ध केला आहे, इयत्तेची जागा तेवढी कोरी आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी हे सांगायला दुसरं कोणी सुचत नाही.

तुमच्या वर्गातली रीत माझ्या हाताला अजून पाठ आहे. ज्याचं उत्तर बरोबर येईल, त्याने चुकलेल्यांचं नाक डाव्या हाताने धरायचं आणि उजव्याने थोबाडीत मारायची. मला उत्तरं येत, म्हणून मारणाराही बहुधा मीच. त्या दिवशी तुम्ही औटकी विचारता आहात, साडेतीनचा पाढा: साडेतीन साते किती? अकरा जण गप्प. मी साडेचोवीस म्हणतो आणि रांगेने मारत सुटतो. शेवटी माझ्याच तरटावर बसणारा, कोळीवाड्यातला माझा सोबती. त्याच्या गालाला मी नुसता हात लावतो.

"फुलं वाहतोस काय रे?" तुम्ही म्हणालात आणि मला असा हात दाखवलात की मी भिंतीवर आदळलो. दात ओठात रुतला. "अशी मारतात. आता मार." मी तोंडातलं रक्त गिळून मारली. त्याचं डोकं खांबाला लागलं, त्याने पुन्हा नाक माझ्या बोटांत दिलं. तीन बसल्या. तिसरीनंतर त्याच्या उजव्या कानातून रक्ताची ओळ निघून सदऱ्यात उतरली. तो रडला नाही. पाटी उचलून सरळ बंदराकडे गेला, तो परत शाळेत आला नाही. सुटीत तुम्ही मला तुमचा टाक बक्षीस दिलात. मी तो घेतला. हे त्याच टाकाने लिहितो आहे.

सातवीची फायनल पास झालो, पुढे शिकलो नाही. तेवढ्यावर आपल्याच शाळेत मास्तराची ही जागा मिळते आहे. काल हेडमास्तरांनी मला चौथीवर बसवून पाहिलं. मी एक हिशेब घातला, एकाला आला. मी काही बोलायच्या आत तो पोरगा उठला आणि रांगेतल्या पोरांनी आपापली तोंडं पुढे केली. चट् चट् आवाज येऊ लागले. मी "थांब" म्हणालो तर सगळे माझ्याकडे बघत राहिले. एकजण म्हणाला, "गुरुजी, माझी राहिली." बिगरीतल्या, पहिलीच्याही आधीच्या पोरांना ही रीत अजून माहीत नाही, म्हणून तिथून निघताना मनात बिगरीच ठरली होती.

वाटेत किनाऱ्यावर तो सोबती जाळं शिवत बसला होता. मी हाक मारली, त्याने मान वळवली नाही. दुसऱ्या बाजूला गेलो तेव्हा हसला. "इकडनं बोल रं. तो कान तुज्याकडंच ऱ्हायला." मग म्हणाला, "मास्तर झालास म्हंतात. दसऱ्याला माज्या पोराला शालेत घालतोय. तू कंचा वर्ग घेतोस?"

"बिगरी म्हणतोय."

त्याने सुई थांबवली. "मंग पोराला शालेत न्हाय, मचव्यावर नेतो."

"मी मारणार नाही."

"व्हय, तवा बी पयली हलकीच मारलीस." तो खाली बघून म्हणाला, "तुज्यावर राग न्हाय माजा. मास्तर सांगत व्हता, तू मारत व्हतास. पन पोर माजा हाय."

मी कोऱ्या जागेत आता चौथी लिहिलं आहे. त्याचा मुलगा बिगरीत येईल, तिथे दुसरे मास्तर असतील. माझ्यासमोर ती सवयीची तोंडं असतील, पुढे केलेली, आणि हा माझा हात असेल. मला पोरांची भीती नाही.

अर्ज घेऊन जाताना बंदरावरून जाईन आणि त्याच्या चांगल्या कानाशी बसून जे सांगायचं ते सांगेन, असं ठरवलं आहे. जमेल असं वाटत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहितो, तुम्ही कोणाला सांगणार नाही. हा कागद अर्जाखाली राहील, मग चुलीत जाईल. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की तीनही तुम्ही मारायला लावल्या. तुम्ही दोनच सांगितल्या होत्या.