खालच्या खणातला पट्टा

४ फेब्रु. १९६३, सोम.
लेकाकडे आल्यापासून थंडी हटत नाही. इथल्या जर्मन म्युझियमात तिसरा आठवडा. जपानच्या उत्तरेकडच्या ऐनू लोकांचे अंगरखे दुरुस्त करतेय. झाडाच्या सालीच्या धाग्याचं कापड, गोणपाटाहून मऊ. गळा, बाह्या, घेर, जिथून म्हणून आत शिरता येईल तिथे नक्षी, काट्यासारखी टोकं. वाईट आत येऊ नये म्हणून.
लेन्झबाई, तिथल्या संग्रहाच्या मुख्य: "फ्राऊ जोशी, तुमचा टाका कुठला आणि जुना कुठला, मला कळत नाही."
कॉन्व्हेंटात सिस्टरच्या पट्ट्या खाल्ल्या, मग तीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. कळेल कसा!

१२ फेब्रु., मंगळ.
आज लेन्झबाईंनी आधी दार लावलं, मग खालचा खण उघडला. एक पट्टा. बोटभर रुंद, वेणीसारखा विणलेला, मधे तुटलेला. ऐनू बाया तो कपड्यांच्या आत, थेट अंगाला बांधत. आईकडून लेकीला. पुरुषानं पाहायचा नाही. नवऱ्यानंसुद्धा.
विचारलं, "मग हे सगळं इथे आणणाऱ्या साहेबाला मिळाला कसा?"
त्या: "तेच तर."
म्हणाल्या, हा कधीच मांडायचा नाही, पण असा तुटका ठेवणं जिवावर येतं. त्यांनी शब्द दिला. माझा हात दोन्ही हातांत धरून.

१९ फेब्रु., मंगळ.
पट्टा झाला. सहा दिवस. डोळे गेले. खण बंद.
सुधीर लॅबमधून आल्यावर, "आई, काय शिवतेस एवढं?" बायकांचं काहीतरी, म्हटलं. पोटच्या पोरालाही नाही सांगितलं.

८ मार्च, शुक्र.
प्रदर्शन उघडलं. मधल्या काचेच्या पेटीत, अंगरख्याच्या पायाशी, निळ्या मण्यांच्या माळेशेजारी, दिव्याखाली: पट्टा.
भोवती टायवाले पुरुष. एक तर चष्मा पुसून वाकला. माझा सुधीर कौतुकानं, "हा तू केलास, आई?"
लेन्झबाईंना कोपऱ्यात गाठलं.
"डायरेक्टरांनी यादी मंजूर केली..."
"यादीत घातला कोणी?"
"मी. इतका सुंदर झाला होता, फ्राऊ जोशी. तुटका असता तर प्रश्नच नव्हता."
म्हणजे माझ्याच सुईनं!
म्हटलं, माझा परकर आणून देते, तोही टांगा शेजारी. हसल्या. विनोद वाटला त्यांना.

९ मार्च, शनि.
सुधीर: "त्यांचं म्युझियम, त्यांचा पट्टा. तुला काय एवढं?"
"त्यांचा कधी झाला?"
"आल्झो, आई..." त्याचं ते जर्मन 'बरं तर'. आणि बूट घालून बाहेर.
कुठल्या तरी बाईनं जन्मभर जपलेलं. मी ते नीट करून चव्हाट्यावर आणलं. कौतुक केलं की मी विरघळते, हे लेन्झबाईनं पहिल्याच दिवशी हेरलं. सिस्टरनं कौतुक कधीच केलं नाही. बरं करायची.

१० मार्च, रवि.
लेन्झबाईंची चिठ्ठी. मांडलेल्या अंगरख्याची बाही उसवली आहे. उद्या सोमवार, म्यु. बंद. येऊन टाका घालाल का? पेटीची किल्ली दारावरच्या बाईकडे ठेवते. मी स्वतः नसेन.
माफीचा एक शब्द नाही. की ही किल्लीच माफी... कोण जाणे. आता तिच्या कुठल्या शब्दावर भरवसा ठेवू?
सुई, दोरा, लहान कात्री पिशवीत टाकली. त्या पट्ट्यात जुनी वीण कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, ते मला एकटीलाच दिसतं. कात्री माझ्या विणीलाच लागेल.